कळसूत्री बाहुल्यांचा झेक वारसा आणि यान श्वांकमायर यांचे चित्रपट

झेक दिग्दर्शक यान श्वांकमायर यांच्या चित्रपटांत मांसाचे तुकडे जमिनीवरून सरपटतात, मोजे लाकडी फरशीला भोके पाडत वळवळतात, फळाभाज्यांची आणि भांड्याकुंड्यांची बनलेली मुंडकी एकमेकांना गिळून पुन्हा ओकून टाकतात, आणि झाडाचा बुंधा बाळ होऊन आईबापांसकट शेजाऱ्यांनाही खाऊ लागतो. १९६४ ते २०१८ या काळात त्यांनी पंचवीसच्या आसपास लघुपट आणि सात पूर्ण लांबीचे कथापट केले, आणि त्या सर्वांत हास्य व भय ही दोन्ही एकाच दृश्यात इतकी मिसळून येतात की प्रेक्षकाला कोणत्या क्षणी हसावे आणि कोणत्या क्षणी दचकावे हे ठरवता येत नाही. या विक्षिप्त सृष्टीचे स्पष्टीकरण आजवर मुख्यतः दोन प्रकारे दिले गेले आहे. काही अभ्यासक तिला एका विलक्षण व्यक्तीच्या कल्पनाशक्तीचा खेळ मानतात, तर काहींच्या मते ती साम्यवादी राजवटीवर केलेली रूपकात्मक टीका आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र ज्या व्यवसायातून हे चित्रपट घडले त्या बाहुलीकारांच्या व्यवसायाचा इतिहास दोन्हींत दुर्लक्षित राहतो. बोहेमियाच्या खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या बाहुलीकारांनी निर्जीव वस्तूला नट मानण्याची जी रीत दोनशे वर्षे जोपासली, तिचाच हा चित्रपटीय विस्तार आहे, आणि तसे पाहिले म्हणजे त्यातील विक्षिप्तपणामागचा एक दीर्घ, शिस्तबद्ध कारागिरीचा वारसा स्पष्ट दिसू लागतो.

बोहेमिया हा आजच्या झेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडील भाग होय. अठराव्या शतकात तो हॅब्सबर्ग साम्राज्यात मोडत असे, आणि प्रशासन, उच्च शिक्षण व नागरी रंगभूमी यांची भाषा प्रामुख्याने जर्मन होती. याच काळात तेथे फिरत्या बाहुलीकारांची कुटुंबे उदयाला आली. त्यांच्या बाहुल्या कळसूत्री, म्हणजे वरून हलविल्या जाणाऱ्या असत. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेल्या कळसूत्री बाहुल्यांशी त्यांचे प्रकाराच्या दृष्टीने जवळचे नाते आहे. फरक असा की झेक बाहुलीच्या डोक्यातून एक जाड तार वर जाते आणि तिच्यावर बाहुलीचा सारा भार तोलला जातो, तर हातापायांच्या हालचाली दोऱ्यांनी होतात. या तारेमुळे बाहुली माणसासारखी लवचीक न चालता ताठ, झटके देत, पाय आपटत चालते. तिच्या मागे उभा असलेला बाहुलीकार स्त्रीपुरुष, राजे, सैतान अशा सर्व पात्रांची वाक्ये स्वतःच, बहुधा मोठ्या आवाजात आणि ठासून म्हणत असे. गाडी, बायकामुले, लाकडी पात्रांनी भरलेली पेटी आणि सरकारी परवाना एवढ्या सामग्रीवर या कुटुंबांचा चरितार्थ चाले, आणि परवान्यावाचून खेळ करता येत नसल्यामुळे सत्तेशी त्यांचा संबंध पहिल्यापासूनच रोजच्या व्यवहाराचा होता.

या व्यवसायातील सर्वांत प्रसिद्ध नाव मात्येय कोपेत्स्की (१७७५–१८४७) यांचे आहे. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी झेक भाषेत खेळ केल्यामुळे एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रीय पुनरुत्थानाच्या चळवळीने त्यांना भाषेचे राखणदार म्हणून गौरविले. या गौरवात कालांतराने काही रंग भरले गेले असले तरी शाळा आणि नाट्यगृह यांच्यापासून दूर असलेल्या श्रोत्यांपर्यंत झेक बोलीतील नाटक पोहोचविणारे ते एक प्रमुख साधन होते, यात शंका नाही. त्यांच्या खेळांतील विषयही ध्यानात घेण्याजोगे आहेत. सैतानाशी करार करणारा डॉक्टर फाउस्ट आणि नरकात ओढला जाणारा दोन शाइन, म्हणजे दोन जुआनचा झेक अवतार, ही दोन कथानके पुनःपुन्हा होत. या गंभीर कथांच्या मधोमध काश्पारेक नावाचा विदूषक येई, जो सैतानालाही घाबरत नसे, खाण्यापिण्याच्या गोष्टी बोले आणि धन्याचा आत्मा जात असताना स्वतःच्या पगाराची चौकशी करी. मृत्यू, नरक, मारामारी आणि विनोद एकाच फळीवर, एकाच लाकडाच्या पात्रांकडून दाखविले जात असल्यामुळे प्रेक्षकाला त्यांत विसंगती वाटत नसे. बाहुलीचे डोके उडाले तरी रक्त सांडत नाही, म्हणून क्रौर्य हास्यास्पद होते. पण तिच्या कोरलेल्या चेहऱ्यावरचे भाव कशानेही बदलत नाहीत, म्हणून तेच हास्य थोड्या वेळाने अंगावर येते. श्वांकमायर यांच्या चित्रपटांना ज्या काळ्या विनोदासाठी, म्हणजे मृत्यू व हिंसा यांनाच हास्याचा विषय करणाऱ्या विनोदासाठी ओळखले जाते, त्याची मुळे येथे आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा व्यवसाय फिरत्या गाड्यांतून घरांत आणि शहरांत शिरला. छापील पडदे, छोटा रंगमंच आणि वीतभर उंचीच्या बाहुल्या असा संच मध्यमवर्गीय झेक कुटुंबांत मुलांना भेट म्हणून दिला जाऊ लागला, आणि हौशी मंडळांची संख्या झपाट्याने वाढली. पिल्झेन येथे योसेफ स्कुपा (१८९२–१९५७) यांनी स्पेय्बल हा सुटाबुटातला, हट्टी, मंदबुद्धी बाप आणि हुर्वीनेक हा त्याचा चुणचुणीत मुलगा ही जोडी अनुक्रमे १९२० आणि १९२६ मध्ये रंगमंचावर आणली. पारंपरिक कथानकांतून मुक्त झालेली ही बाहुली आता आधुनिक शहरी माणसाविषयी बोलू लागली. १९२९ मध्ये बाहुलीकारांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘युनिमा’ प्राग येथेच स्थापन झाली. नाझी आधिपत्याच्या काळात स्कुपा यांच्या खेळांतील सूचक विनोद लोकप्रिय होता, आणि १९४४ मध्ये गेस्टापोने त्यांना अटक करून ड्रेस्डेनच्या तुरुंगात ठेवले. युद्धानंतर प्रागच्या नाट्य अकादमीत १९५२ साली उच्च शिक्षणाच्या पातळीवर बाहुलीनाट्याचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पेटी पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या कारागिरांची विद्या अशा रीतीने विद्यापीठीय अभ्यासक्रमात आली, आणि या विभागाच्या पहिल्या काही तुकड्यांत यान श्वांकमायर हे विद्यार्थी होते.

बाहुली चित्रपटात कशी आली, हे समजण्यासाठी स्टॉप-मोशन या तंत्राची ओळख आवश्यक आहे. या तंत्रात वस्तू एका स्थितीत ठेवून एक चौकट चित्रित केली जाते, मग ती किंचित हलवून दुसरी, आणि या चौकटी सेकंदाला २४ या वेगाने पडद्यावर आल्या म्हणजे वस्तू स्वतःहून हलल्याचा भास होतो. प्रत्येक स्थितीच्या दोन चौकटी घेतल्या तरी बारा मिनिटांच्या लघुपटासाठी आठ हजारांहून अधिक वेळा वस्तूला हात लावावा लागतो. भारतात दादासाहेब फाळके यांनी १९१० च्या दशकात ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्या नाचविल्या त्या याच पद्धतीने. झेक भूमीत मात्र या तंत्राला उद्योगाचे स्वरूप आले. झ्लीन येथे बाटा या पादत्राणे बनविणाऱ्या कंपनीने जाहिरातपटांसाठी चित्रपट स्टुडिओ उभारला होता, आणि तेथे हर्मिना तिर्लोव्हा यांनी १९४४ साली मुंगीच्या कथेवर बाहुलीपट केला. पुढे कारेल झेमान यांनी १९५८ च्या ‘विनाशाचा शोध’ या चित्रपटात जुन्या कोरीव छापचित्रांच्या शैलीत खरे नट आणि कृत्रिम दृश्ये एकत्र गुंफली. ऑगस्ट १९४५ मध्ये झेकोस्लोव्हाकियाचा चित्रपट उद्योग राष्ट्रीयीकृत झाल्यावर तिकीटविक्रीची चिंता न करता वर्षानुवर्षे प्रयोग करणे शक्य झाले, परंतु त्याच व्यवस्थेत पटकथेपासून अंतिम प्रतीपर्यंत प्रत्येक टप्प्याला मंजुरी घ्यावी लागे. कारागिराला पोसणारा आणि त्याला बांधणारा हात एकच होता.

या हाताचे सर्वांत स्पष्ट चित्र यिर्झी त्र्न्का यांनी काढले. शाळेत स्कुपा यांच्या हाताखाली शिकलेल्या त्र्न्का यांनी (१९१२–१९६९) ‘सम्राटाचा बुलबुल’ (१९४९) आणि ‘मध्यग्रीष्म रात्रीचे स्वप्न’ (१९५९) अशा चित्रपटांतून बाहुलीपटाला काव्यात्म उंची दिली. त्यांच्या बाहुल्यांचे चेहरे बदलत नसत. प्रकाशाची दिशा, कॅमेऱ्याचा कोन आणि मानेचा कल यांवरूनच प्रेक्षक त्यांत आनंद किंवा दुःख वाचत. १९६५ च्या ‘हात’ या त्यांच्या अखेरच्या चित्रपटात आपल्या फुलझाडासाठी कुंड्या घडविणाऱ्या एका साध्या कारागिराच्या खोलीत हातमोजा घातलेला एक प्रचंड हात शिरतो आणि कुंडीऐवजी हाताचा पुतळा घडविण्याची आज्ञा करतो. कारागीर नकार देतो, पिंजऱ्यात पडतो, निसटतो, मरतो, आणि तोच हात त्याची शासकीय इतमामाने अंत्ययात्रा काढतो. त्र्न्का यांच्या मृत्यूनंतर या चित्रपटाच्या प्रदर्शनावर बंदी आली. या चित्रपटातली बाहुली अजून निरागस आहे. अन्याय बाहेरून येतो आणि तिच्या वाट्याला करुणा येते. श्वांकमायर यांनी हीच परंपरा पुढे नेली, परंतु ही निरागसता त्यांनी नाकारली, आणि या नकारात त्यांचे वेगळेपण आहे.

श्वांकमायर यांचा जन्म प्रागमध्ये ४ सप्टेंबर १९३४ रोजी झाला. वडील दुकानांच्या काचेआड वस्तूंची मांडणी करण्याचे काम करीत आणि आई शिवणकाम करी; म्हणजे वस्तूंची लक्षवेधी रचना आणि कापडाचा स्पर्श या दोन्ही गोष्टी घरातच होत्या. लहानपणी नाताळात त्यांना बाहुलीनाट्याचा संच मिळाला. उपयोजित कलांच्या शाळेनंतर त्यांनी बाहुलीनाट्य विभागात शिक्षण घेतले, १९५८ मध्ये एमिल रादोक यांच्या फाउस्टवरील बाहुलीपटात बाहुल्या चालविल्या, मग मुखवट्यांची रंगभूमी आणि ‘लातेर्ना माजिका’ या चित्रपट व जिवंत अभिनय एकत्र आणणाऱ्या प्रसिद्ध रंगमंचावर काम केले. १९६४ चा त्यांचा पहिला लघुपट ‘श्वार्त्सेवाल्ड आणि एडगर यांची अखेरची करामत’ हा या प्रवासाचा सरळ परिपाक होता. त्यात मोठमोठी लाकडी मुंडकी घातलेले दोन जादूगार आळीपाळीने करामती दाखवितात आणि प्रत्येक करामतीनंतर एकमेकांशी हस्तांदोलन करतात. हे हस्तांदोलन अधिकाधिक लांबत आणि जोरकस होत जाते, आणि शेवटी दोघे एकमेकांचे अवयव उपटून टाकतात. सौजन्याच्या एका क्रियेची केवळ पुनरावृत्ती करीत तिला हिंसेपर्यंत नेण्याची ही पद्धत त्यांनी पुढे कधीही सोडली नाही.

१९६६ च्या ‘राकविच्कार्ना’ या लघुपटात काश्पारेक आणि त्याचा प्रतिस्पर्धी एका गिनिपिगच्या मालकीवरून भांडतात, हातोड्याने एकमेकांना शवपेटीत ठोकून बसवितात आणि पुन्हा बाहेर पडतात. बाहुल्या जुन्या जत्रेतल्या खेळासारख्या आहेत, पण गिनिपिग खरा, जिवंत आहे, आणि साऱ्या कत्तलीत तो शांतपणे दाणे खात राहतो. येथे श्वांकमायर यांची दृष्टी प्रथमच पूर्णपणे प्रकट होते. त्र्न्का यांना सुबक, नवी घडविलेली बाहुली हवी असे; श्वांकमायर यांना आधीच वापरलेल्या वस्तू हव्या असतात, पापुद्रे सुटलेला रंग, गंजलेले खिळे, टवके उडालेली भांडी, केस झडलेल्या बाहुल्या. त्यांची धारणा अशी की माणसांच्या हातांत वर्षानुवर्षे राहिलेल्या वस्तूंत त्या माणसांच्या भीती, हव्यास आणि ओढ साठून राहतात, आणि अ‍ॅनिमेशनचे काम वस्तूला बाहेरून प्राण देण्याचे नसून तिच्यात दडलेले हे आयुष्य बाहेर येऊ देण्याचे आहे. म्हणून त्यांचा कॅमेरा वस्तूच्या अगदी जवळ जातो, तुकड्यातुकड्यांनी तिचा पृष्ठभाग दाखवितो, आणि संवादाऐवजी खरखर, ठोका, चुरचुर, लाळेचा आवाज असे ध्वनी मोठे करून ऐकवितो. सेकंदाचा काही भागच टिकणाऱ्या या तुकड्यांच्या जलद जोडणीमुळे डोळ्यांनी पाहिलेली वस्तू हाताला लागल्यासारखी वाटते.

१९६८ या वर्षी झेकोस्लोव्हाकियात सुधारणांचा जो अल्पकाळ आला आणि ऑगस्टमध्ये वॉर्सा करारातील देशांच्या फौजांनी जो चिरडला, त्या काळाची छाया त्यांच्या चित्रपटांवर पडली. ‘बाग’ या बाहुल्यांशिवायच्या लघुपटात एका घराभोवतीचे कुंपण हातात हात धरून उभ्या असलेल्या माणसांचे आहे, आणि पाहुणा म्हणून आलेला गृहस्थ अखेरीस स्वतःहून त्या रांगेत जाऊन उभा राहतो. ‘सदनिका’ या लघुपटात एका खोलीत अडकलेल्या माणसाशी प्रत्येक वस्तू वैर धरते. चमच्याला भोके असतात, अंडे फुटत नाही, पलंगाचा भुसा होतो, आणि शेवटी दार फोडल्यावर त्याच्या मागे भिंत निघते, जिच्यावर आधीच्या अनेकांनी आपली नावे लिहून ठेवलेली असतात. १९७० चा ‘अस्थिगृह’ हा लघुपट कुत्ना होरा या गावाजवळच्या सेडलेत्स येथील प्रार्थनागृहाविषयी आहे. तेथे हजारो मृतांच्या हाडांपासून फ्रांतिशेक रिंट या लाकूडकामाच्या कारागिराने १८७० साली झुंबर, माळा आणि सरदार घराण्याचे मानचिन्ह घडविले. माहितीपट म्हणून सोपविलेल्या या कामात मूळ ध्वनिपट्टी गाइडच्या बोलण्याची होती. ती अधिकाऱ्यांना आक्षेपार्ह वाटल्याने बदलावी लागली. विषयाची निवडही अर्थपूर्ण होती, कारण मेलेल्या शरीराला साहित्य मानून त्याची देखणी मांडणी करणारा रिंट हा श्वांकमायर यांचा एका अर्थाने पूर्वसूरीच होता.

त्याच १९७० साली यान आणि त्यांच्या पत्नी, चित्रकार एव्हा श्वांकमायरोव्हा, प्रागच्या अतिवास्तववादी गटात सामील झाले. अतिवास्तववाद म्हणजे स्वप्न, योगायोग आणि दडपलेली इच्छा यांना तर्काइतकेच, किंबहुना अधिक, ज्ञानाचे साधन मानणारी चळवळ. प्रागमध्ये तिचा गट १९३४ पासून होता, आणि नाझी व साम्यवादी अशा दोन्ही राजवटींत तो बव्हंशी भूमिगत राहिला. युद्धोत्तर काळात व्रातिस्लाव एफेनबर्गर हे त्याचे वैचारिक नेते होते. बाहुलीकाराला जे हातांनी ठाऊक होते, त्याला या गटाने सिद्धान्त दिला. त्याच वेळी श्वांकमायर यांनी प्रागच्या आणखी जुन्या वारशाकडे वळून पाहिले. सम्राट दुसरा रुडॉल्फ (कारकीर्द १५७६–१६१२) याने प्रागच्या किल्ल्यात शंख, जीवाश्म, यंत्रे, पुतळे, दुर्मीळ प्राण्यांचे अवशेष असा अचंब्यांचा संग्रह जमविला होता, ज्याला ‘कुन्स्टकामर’ म्हणत, आणि त्याच्या दरबारासाठी चित्रे काढणाऱ्या ज्युझेप्पे आर्चिम्बोल्दो याने फळे, फुले, मासे, पुस्तके यांची जुळणी करून माणसांचे चेहरे रंगविले होते. निसर्ग आणि कारागिरी, शास्त्र आणि जादू यांच्यात रेषा न ओढणारी ती दृष्टी श्वांकमायर यांनी आपली मानली; पुढे होर्नी स्तान्कोव्ह येथील वाड्यात त्यांनी स्वतःचा असाच संग्रह उभारला.

१९७२ च्या ‘लिओनार्दोची रोजनिशी’ या लघुपटानंतर सुमारे सात वर्षे त्यांना दिग्दर्शन करता आले नाही. या काळात त्यांनी बारांदोव्ह स्टुडिओत इतरांच्या चित्रपटांसाठी विशेष दृश्ये तयार केली. ओल्ड्रिख लिप्स्की यांच्या एका विनोदी रहस्यपटातील मांसभक्षक वनस्पती त्यांच्या हातची आहे. याच वर्षांत स्पर्श हा त्यांच्या संशोधनाचा विषय झाला. डोळे न वापरता हातांनी ओळखायच्या वस्तू, स्पर्शाने वाचायची शिल्पे, अशा प्रयोगांतून त्यांनी स्पर्श आणि कल्पनाशक्ती यांच्या नात्यावर एक पुस्तक सिद्ध केले, जे आधी मोजक्या खासगी प्रतींतच फिरले आणि १९९४ मध्ये छापले गेले. बंदीचा काळ त्यांच्या चित्रपटांच्या इतिहासात म्हणूनच रिकामा ठरत नाही. उलट त्यानंतरच्या चित्रपटांत ओल्या मातीला, कच्च्या मांसाला आणि भेगाळलेल्या लाकडाला जी तीव्रता आली, तिची तयारी या वर्षांत झाली.

त्या तयारीचे फळ म्हणजे १९८२ चा ‘संवादाच्या शक्यता’ हा सुमारे बारा मिनिटांचा लघुपट. त्याच्या पहिल्या भागात आर्चिम्बोल्दोच्या धर्तीची तीन मुंडकी समोरासमोर येतात, एक अन्नपदार्थांचे, दुसरे स्वयंपाकघरातील भांड्यांचे, तिसरे कागद, पुस्तके आणि लेखनसाहित्याचे. ती एकमेकांना गिळतात, आतल्या वस्तू चिरडल्या जातात, आणि ओकून टाकलेला चोथा प्रत्येक फेरीत अधिक बारीक होत होत शेवटी मातीची गुळगुळीत, एकसारखी मुंडकी उरतात, जी आपलीच प्रतिकृती ओकत राहतात. दुसऱ्या भागात मातीचे स्त्री आणि पुरुष एकमेकांत विरघळतात, विलग होताना मातीचा एक छोटा गोळा मागे उरतो, आणि कोणालाच नको असलेल्या त्या गोळ्यावरून दोघे एकमेकांना ओरबाडून नष्ट करतात. तिसऱ्या भागात दोन वृद्धांची मुंडकी तोंडातून ब्रश व टूथपेस्ट, पाव व लोणी, बूट व नाडी, पेन्सिल व तासणी बाहेर काढून सहकार्य करतात; मग जोड्या चुकतात, बुटावर लोणी लागते, पावाला टोक काढले जाते, आणि शेवटी दोघेही थकून, तडे जाऊन कोसळतात. १९८३ मध्ये या लघुपटाला बर्लिन महोत्सवात लघुपटाचे सुवर्ण अस्वल आणि आनसी येथील अ‍ॅनिमेशन महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच वेळी मायदेशी, साम्यवादी पक्षाच्या केंद्रीय समितीच्या विचारसरणीविषयक विभागात तो कोणत्या प्रकारचे चित्रपट करू नयेत याचे उदाहरण म्हणून दाखविला गेला.

राजकीय रूपक म्हणून या लघुपटाचे वाचन करणे सोपे आहे, परंतु त्यातील तिन्ही भागांत सत्ताधारी कोणी नाही. समान होण्याची सक्ती, प्रेमाचा शेष आणि सहकार्याचा बिघाड ही तिन्ही संकटे पात्रांच्या आतूनच उद्भवतात. त्र्न्का यांच्या चित्रपटात प्रचंड हात आणि छोटा कारागीर हे दोन वेगळे होते. श्वांकमायर यांच्याकडे चिरडणारा आणि चिरडला जाणारा एकाच मातीचे आहेत. कळसूत्री खेळाची खरी शिकवणही हीच होती, कारण तेथे सैतान, फाउस्ट आणि काश्पारेक यांच्या दोऱ्या एकाच माणसाच्या हातात असत आणि तिघे एकाच आवाजात बोलत. १९९० साली, राजवट कोसळल्यानंतर लगेच, त्यांनी केलेल्या ‘बोहेमियातील स्टालिनवादाचा मृत्यू’ या लघुपटातही विजयाचा जल्लोष नाही. स्टालिनचा अर्धपुतळा शस्त्रक्रियेच्या मेजावर फाडला जातो आणि आतून झेक साम्यवादी नेता गोट्वाल्ड याचा पुतळा निघतो. मातीचे कामगार साच्यातून निघतात आणि पुन्हा मातीत चेंगरले जातात. अखेरीस राष्ट्रध्वजाच्या रंगांत रंगविलेला नवा पुतळा फाडला जातो, तेव्हा आतून काय निघाले ते दाखविले जात नाही. स्वातंत्र्याच्या पहिल्याच वर्षी इतका कठोर प्रश्न विचारण्याचे धैर्य अत्यंत थोड्या कलावंतांनी दाखविले.

बालपण हा या सृष्टीचा दुसरा आधार होय. बटाटे आणण्यासाठी तळघरात पाठविलेल्या मुलीची भीती दाखविणाऱ्या ‘तळघरात’ या लघुपटानंतर त्यांनी लुई कॅरलच्या कथेवर पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘अ‍ॅलिसमधले काहीतरी’ (१९८८) परदेशी भांडवलाच्या साहाय्याने केला. त्यातील पांढरा ससा हा भुसा भरलेला मृत ससा आहे. काचेच्या पेटीतून तो स्वतःला उपटून काढतो, पोटातून भुसा गळू लागला की तो चमच्याने परत भरतो आणि जखम टाचणीने बंद करतो. सुरवंट हा कवळी आणि काचेचे डोळे लावलेला मोजा आहे. मुलगी लहान होते तेव्हा तिच्या जागी चिनी मातीची बाहुली येते. मुलांच्या कल्पनेला गोड आणि स्वच्छ मानणाऱ्या प्रौढांना हा चित्रपट अस्वस्थ करतो, पण खेळणी मोडून आत काय आहे ते पाहणाऱ्या, मेलेल्या किड्याला काडीने ढोसणाऱ्या प्रत्येक मुलाचा अनुभव त्यात प्रामाणिकपणे मांडला आहे, आणि आनसी महोत्सवात त्याला १९८९ चे सर्वोत्कृष्ट कथापटाचे पारितोषिक मिळाले.

१९९४ च्या ‘फाउस्ट’मध्ये हा सारा इतिहास एका ठिकाणी येतो. पेत्र चेपेक यांनी साकारलेला एक सामान्य प्रागवासी रस्त्यात मिळालेल्या नकाशाच्या आधारे पडक्या इमारतीत पोहोचतो, तेथे टांगलेला पोशाख चढवितो, समोरच्या संहितेतली वाक्ये वाचू लागतो आणि नकळत फाउस्ट होतो. संवाद मार्लो, ग्योटे, ग्राबे आणि झेक बाहुलीकारांच्या पारंपरिक नाटकातून घेतलेले आहेत. माणसाएवढ्या लाकडी बाहुल्या प्रागच्या खऱ्या रस्त्यांवरून घरंगळतात आणि कधी माणसाच्या अंगावर लाकडी मुंडके चढते. कोपेत्स्कींच्या पेटीतला फाउस्ट येथे दोन शतकांनी परत येतो, मात्र आता बाहुली आणि माणूस यांच्यातील सीमा पुसलेली आहे. त्यानंतरच्या ‘ओतेसानेक’ (२०००) या चित्रपटात कारेल यारोमीर एर्बेन यांनी एकोणिसाव्या शतकात संकलित केलेली लोककथा आधुनिक सदनिकांच्या इमारतीत घडते. अपत्यहीन दांपत्य झाडाच्या बुंध्याला बाळ मानते, आणि इच्छेच्या बळावर जिवंत झालेले ते लाकूड भुकेने सर्वांना गिळू लागते. लोककथेतील चित्रमालिका एव्हा यांनी रेखाटली होती. चित्रांचे आराखडे, वेशभूषा आणि जाहिरातपत्रके यांतील एव्हा यांचा वाटा, बेड्रिख ग्लासेर यांचे अ‍ॅनिमेशन आणि निर्माते यारोमीर कालिस्ता यांची साथ लक्षात घेता हे चित्रपट एकट्याची निर्मिती मानणे चुकीचे ठरेल. फिरत्या बाहुलीकारांच्या कुटुंबाप्रमाणे येथेही संसार आणि व्यवसाय एकत्र चालला. एव्हा यांचे २००५ मध्ये निधन झाले.

राष्ट्रीयीकृत स्टुडिओंची व्यवस्था १९९० च्या दशकात मोडल्यावर नियंत्रण गेले, पण त्याबरोबर संथ, खर्चिक कारागिरीला मिळणारा आश्रयही गेला. झेक लेखक चापेक बंधूंच्या कीटकजीवनावरील नाटकाचा आधार घेणारा ‘कीटक’ (२०१८) हा श्वांकमायर यांचा अखेरचा कथापट म्हणून जाहीर झालेला चित्रपट काही अंशी जगभरच्या चाहत्यांच्या वर्गणीतून उभा राहिला, आणि त्यात हौशी नाट्यमंडळाच्या तालमीबरोबरच चित्रीकरणाच्या युक्त्याही उघड करून दाखविल्या आहेत. दरम्यान २०१६ मध्ये झेक आणि स्लोव्हाक बाहुलीनाट्याला युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, आणि ख्रुदिम येथील १९७२ पासूनच्या संग्रहालयात जुन्या बाहुल्या काळजीने जपल्या जात आहेत. ही जपणूक आवश्यक आहे, तरी बाहुलीकाराचा व्यवसाय लाकडी पात्रांत कधीच सामावलेला नव्हता. सामान्य वस्तूला गंभीरपणे नट मानणे, मृत्यू व सत्ता यांच्यासमोर विदूषकाला बोलू देणे, आणि प्रेक्षकाला आपल्याही हातापायांना दोऱ्या आहेत का असा विचार करायला लावणे, ही त्या व्यवसायाची तीन मूलभूत कामे होती. परवान्यांच्या, बंदीच्या आणि बाजारपेठेच्या काळांतून ती कामे अखंड चालू ठेवल्यामुळे श्वांकमायर यांचे चित्रपट झेक बाहुलीनाट्याच्या इतिहासात परिशिष्टाचे नव्हे, मुख्य प्रकरणाचे स्थान मिळविण्यास पात्र ठरतात, आणि पुढील अभ्यासकांनी त्यांच्या विक्षिप्तपणाचे मोजमाप करताना प्रथम त्या कारागिरीची वंशावळ तपासणे अगत्याचे आहे.